ट्रंकेतले जुने कागद आवरताय? या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई किंवा घराची वाटणी निघाली, की माळ्यावरची ट्रंक खाली येते. मग तासाभरात दोन ढीग होतात, ‘कामाचे’ आणि ‘रद्दी’. पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच.

कामाचे म्हणजे काय, तर सातबारा, खरेदीखत, सोडपत्र. पण या कागदांची नोंद बहुतेक वेळा सरकारदरबारीही असते. रद्दीत जातात ती गिरणीची हजेरी कार्डं, बदली कामगाराचे पास, बिडी कामगाराचं कार्ड, किराण्याची उधारीची वही, लग्नातल्या आहेराची यादी. यांची दुसरी प्रत कुठेही नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, हे पुस्तकांत आहे. त्या उन्हाळ्यात एखाद्या विणकराच्या घरची उधारी कुठवर गेली, हे मात्र त्या घरच्या वहीतच असणार.

‘आम्हाला वाचता येत नाही’ म्हणून फेकणं ही त्याच चुकीची बहीण. आपलं सोलापूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू असं चौभाषिक. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलंगणातून आलेली तेलुगू पोस्टकार्डं असतात आणि नातवंडं मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली. मजकूर कळला नाही तरी कार्ड उलटून बघा. पोस्टाचा शिक्का गाव आणि तारीख सांगतो, पत्त्यावरून कळतं की आजोबा तेव्हा कुठल्या पेठेत, कुणाच्या घरी राहत होते. वाचणारा पुढे मिळेल. मोडीचंही तेच, मोडी वाचणारे आजही आहेत.

तारखेची फसगत

जुन्या कागदावर ‘सन १३१८’ दिसलं, की घरात सातशे वर्षांच्या परंपरेची चर्चा सुरू होते. अहो, तो फसली सन असतो, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं वर्ष. त्यात साधारण ५९० मिळवले की १९०८ येतं. निजामाच्या मुलुखाची हद्द आपल्या जिल्ह्याला लागून होती, त्यामुळे असे कागद इकडे भरपूर. शके असेल तर ७८ मिळवायचे. पेशवाईतल्या कागदांवर वर्ष अरबी शब्दांत येतं: ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवा, १७७२-७३ येतं. वर्ष जानेवारीत बदलत नसल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढं धरून चाला.

हिशोब सुटला म्हणून बॉलपेनने मूळ कागदावर तारीख टाकू नका. वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, आणि घरात सांगितली जाणारी कथा ‘आजी सांगायची’ असं म्हणूनच लिहा. कागद एक सांगतो, घर दुसरं सांगतं. दोन्ही राहू द्या.

गठ्ठा सोडण्याआधी त्याचा फोटो काढा. कुठल्या कागदाशेजारी कुठला होता, यावरूनच अनेकदा बिननावाची पावती कुणाची ते कळतं. विषयवार फायली लावायची हौस आवरा.

जपायच्या नादात नासाडी

लॅमिनेशन नको. उष्णतेने प्लास्टिक कागदाला चिकटतं, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. टाचण्या गंजतात, त्या हळूच काढा, ओढू नका. रबरबँड आपल्या उन्हाळ्यात वितळून चिकटतं. डांबराच्या गोळ्या कागदांत टाकू नका.

गठ्ठा सुती कापडात बांधणं ही जुनी रीत उत्तम. फक्त मागावरून उतरलेलं कोरं कापड तसंच वापरू नका. त्यात खळ असते आणि खळीवर कसर येते. दोनदा धुऊन, खळ पूर्ण काढून, कडक वाळवून मगच रुमाल बांधा. वर्तमानपत्रात गुंडाळणं तर टाळाच, त्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं.

कागद ओले झाले तर उन्हात घालू नका. वाकतात, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, मध्ये टिपकागद घालून सुकवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. घड्या घातलेले जुने दस्त उन्हाळ्यात इतके कडक होतात की उघडताना घडीवरच तुटतात. असा दस्त पावसाळी दमट दिवसात, हळू उघडावा.

फोटो आणि देणगी

मोबाइलवर फोटो काढताना मागची बाजूही घ्या. शेरे, हिशोब, शिक्के बहुधा तिथेच असतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत बारीक होते, अक्षर फुटतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला व्यक्ती, गाव, वर्ष असं नाव द्या, आणि एक प्रत दुसऱ्या शहरातल्या भावंडाकडे ठेवा.

कागद संस्थेला द्यायचे असतील तर आधी विचारा, ते काय घेतात आणि कसं ठेवतात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतं. द्याल तेव्हा यादी करून पोच घ्या आणि आपल्याकडे छायाप्रती ठेवा. ‘अभ्यासाला हवेत, आठवड्यात परत देतो’ म्हणणाऱ्याला मूळ कागद देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो. घरी बोलवा, चहा पाजा, टेबलावर बसून वाचू द्या.