रात्री जेवायला काय केलं, कसं केलं ते सांगताय? मग या चुका टाळा

जेवणाचा फोटो आला की खाली तेच ठरलेलं. "वा, काय रंग आलाय! कसं केलंस?" आणि उत्तरही ठरलेलं, "काही विशेष नाही गं, कांदा परतला, टोमॅटो, मसाला, चिकन, मीठ चवीनुसार, झालं." दुसऱ्या दिवशी विचारणारीचा मेसेज येतो की माझं तर नुसतं पाणी पाणी झालं, रंग तर सोडाच. मग सांगणारी म्हणते, अगं एकेकाच्या हाताची चव असते.

असेलही. पण बहुतेक वेळा घोळ इतकाच असतो की जे केलं त्यातलं अर्धं सांगितलंच नाही. मुद्दाम कोणी लपवत नाही, रोज करणाऱ्याचा हात आपोआप चालतो, गॅस कधी बारीक केला, मध्ये दोन चमचे पाणी कधी शिंपडलं हे त्यालाच आठवत नाही, आणि वाचणारा बिचारा वेगळं भांडं, वेगळा गॅस, वेगळं मीठ घेऊन उभा असतो. त्यामुळे पदार्थ फसतो तो बऱ्याचदा सांगण्यात फसलेला असतो, करण्यात नाही.

"पाच मिनिटं परता" असं लिहू नका

ही चूक सगळ्यात वरची, आणि सगळ्यात जास्त लोक करतात. कांदा पाच मिनिटांत फक्त पारदर्शक होतो. छान तपकिरी, गोडसर हवा असेल तर मंद ते मध्यम आचेवर सहज ३५ ते ४५ मिनिटं जातात, पातळ चिरलेला असला तरी. आता जो माणूस "पाच मिनिटं, ब्राऊन होईपर्यंत" असं वाचतो तो काय करतो, घड्याळ बघतो, पाच मिनिटं झाली, कांदा पांढराच, मग एक तर तसाच पुढे जातो नाहीतर आच मोठी करतो आणि कडा काळ्या, आत कच्चा. दोन्हीकडून चव गेली.

त्यापेक्षा काय दिसतं ते सांगा. आधी कांदा मऊ पडतो, पाणी सोडतो आणि कढईत जरा ओलसर फुसफुस आवाज येत राहतो. मग पाणी आटतं आणि आवाज बदलतो, आता तो तळल्यासारखा कोरडा चरचर ऐकू येतो. हा आवाज बदलला की समजायचं खरं काम आता सुरू झालं, कारण पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जातच नाही, आणि तपकिरी रंग आणि तो खमंग वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात. (या रासायनिक क्रियेला फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामी मेयार यांचं नाव आहे, त्यांनी १९१२ साली ती मांडली. कांद्यात याच्या जोडीला कॅरमलायझेशन, म्हणजे साखर तापून तपकिरी होणं, तेपण होतं, पण तो फापटपसारा रात्रीच्या घाईत कोणाला हवाय.) त्यानंतर कडा सोनेरी होतात, तळाला तपकिरी थर चिकटायला लागतो, तेव्हा चमचाभर पाणी टाकून तो खरवडून घ्यायचा, परत आटू द्यायचं, परत खरवडायचं. हे तुम्ही करता ना? मग लिहा की! हेच तर नेमकं सगळे गाळतात.

कांदा लवकर लाल व्हावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकणारेही आहेत. होतो लवकर, खरंय, पण कांदा अगदी लगदा होतो. ग्रेव्हीत चालेल, वर पेरायला नाही. टाकला असेल तर सांगा, म्हणजे समोरचा माणूस "तुझा इतका मऊ कसा झाला" म्हणून डोकं खाजवत बसणार नाही.

वाटी, कप, चमचा: कोणाचा?

"एक कप" म्हणजे अमेरिकन पुस्तकात साधारण २४० मिली, मेट्रिक कप २५० मिली, जपानी कप २०० मिली. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०. आणि घरातली वाटी तर जिची तिची. पातळ भाजीत हा फरक खपून जातो, केक किंवा ब्रेडमध्ये नाही खपत. मैदा हलक्या हाताने चमच्याने कपात भरला तर साधारण १२० ग्रॅम बसतो, डब्यात कप खुपसून दाबून काढला तर १५० च्या पुढे जातो. मग एकाचा केक मऊ आणि दुसऱ्याची वीट, आणि दोघंही शपथेवर सांगणार की मी एकच कप घेतला.

छोटा वजनकाटा असेल तर बेकिंगचं तरी ग्रॅममध्ये सांगा. नसेल तर "माझी वाटी अमुक मिलीची" एवढं एकदा मोजून ठेवा, पुरतं.

मिठाचं वेगळंच प्रकरण आहे. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो, पण जाड, पापुद्र्याचं मीठ तेवढ्याच चमच्यात निम्म्याच्या आसपास बसतं. म्हणजे जाड मीठवाल्याने "दोन चमचे" सांगितलं आणि बारीकवाल्याने तेच घातलं की मीठ जवळजवळ दुप्पट! "चवीनुसार" म्हणून सुटका होत नाही, कारण कच्च्या चिकनला किंवा मळलेल्या पिठाला कोण चव घेऊन बघणारे. अंदाज हवा असेल तर एकूण पदार्थाच्या वजनाच्या १ टक्का मीठ इथून सुरुवात करा, म्हणजे एक किलो सूपला १० ग्रॅम, मग पुढे आपापल्या जिभेप्रमाणे.

आणि हो, खारट झालं की बटाटा टाका, मीठ शोषून घेतो, हा सल्ला कृपा करून पुढे पाठवू नका. बटाटा खारट पाणी शोषतो, त्यातलं मीठ तेवढं वेचून काढत नाही, उरलेला रस्सा होता तेवढाच खारट राहतो. बिनमिठाचं काहीतरी वाढवावं लागतं, पाणी, शिजवलेला भात, आणखी भाजी, काहीही. नाहीतर थोडं आंबट घालून खारटपणा जिभेवर जरा मागे ढकलायचा, तोही थोडाच असेल तर.

भांडं कुठलं ते सांगतच नाही कोणी

२० सेंटीमीटरच्या पॅनपेक्षा २८ सेंटीमीटरच्या पॅनचा तळ जवळपास दुप्पट असतो. आठ सेंटीमीटर इकडेतिकडे, त्यात काय एवढं असं वाटतं, पण तेवढ्याच रश्शाचं पाणी मोठ्यात भराभर आटतं आणि छोट्यात रटरटत बसतं. म्हणून तुमचा सॉस "१० मिनिटांत दाट" आणि तिचा अर्ध्या तासाने पण पातळ.

मघाच्या त्या पाणी पाणी झालेल्या चिकनचं उत्तरपण बहुतेक इथेच आहे. पॅनमध्ये तुकडे दाटीवाटीने कोंबले की सगळे मिळून पाणी सोडतात, वाफ बाहेर जायला वाव नाही, तापमान खाली येतं आणि चिकन परतलं जायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतं. मशरूमचंही तेच. सांगताना "दोन घाण्यांत परतलं, मध्ये जागा सोडून, आधी पुसून कोरडं केलं" इतकं लिहिलं असतं तर बिचारीचं जेवण वाचलं असतं.

दुप्पट करून सांगणाऱ्यांनीही जपून. साहित्य दुप्पट म्हणजे वेळ दुप्पट नाही, आणि तेवढाच वेळही नाही. किती खोल भांडं, किती भरलंय यावर सगळं. आणि कुकरची शिट्टी हे वेळेचं माप नाहीये हो! कुकर किती मोठा, किती भरलाय, गॅस किती यावर तीन शिट्ट्या कधी ८ मिनिटांत होतात तर कधी १५. वाफ धरल्यापासून किती मिनिटं, ते सांगा. पूर्ण दाबाला आत साधारण १२० अंश असतात म्हणून तर पटकन शिजतं. डोंगरावर राहणाऱ्याकडे उलटं, १५०० मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यातला भात, बटाटे सगळं रेंगाळतं, आणि तो माणूस उगाच बटाट्याला शिव्या देतो.

बटाट्यावरून आठवलं. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर असं आंबट आधीच घातलं तर बटाटे आणि कडधान्यं शिजता शिजत नाहीत, आंबटामुळे त्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. त्यामुळे साहित्याची यादी नुसती देऊन भागत नाही, काय आधी काय नंतर हेही हवं.

इथे मात्र हयगय नको

वरचं सगळं चुकलं तर फार तर जेवण बेचव होईल. पुढच्या गोष्टी चुकल्या तर माणूस आजारी पडतो, म्हणून या जरा खडसावूनच सांगते.

लाल राजमा. स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) सकाळी टाकला, रात्री तयार, असं कोणी सांगत असेल तर तिथल्या तिथे टोका. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांना पुरतात, आणि ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजले तर ते कच्च्यापेक्षाही वाईट. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात खळखळ उकळी आणून निदान १० मिनिटं उकळा, अमेरिकेतली अन्न-औषध यंत्रणा तर ३० मिनिटं सांगते. त्यानंतर काय ते स्लो कुकर. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, त्याला हे लागू नाही. म्हणूनच तुम्ही डब्यातला वापरला की सुका, हे लिहिणं इतकं महत्त्वाचं.

शिळा भात. "रात्रीचा ओट्यावरच राहिला होता, सकाळी मस्त परतला" हे कौतुकाने सांगायची गोष्ट नाही. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांचं एक विष असं आहे की परत गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तेही मोठ्या पातेल्यात तसाच नाही, पसरट डब्यांत थोडा थोडा, म्हणजे लवकर गार होतो.

चिकन झालं की नाही हे रंगावरून सांगू नका. हाडाजवळ गुलाबी असूनही शिजलेलं असू शकतं आणि पांढरं दिसूनही आत कच्चं. थर्मामीटर सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश.

आणि जेवायला पाहुणे असतील किंवा कोणी तुमचं बघून त्यांच्यासाठी करणार असेल तर "सिक्रेट" वगैरे प्रकार बाजूला ठेवा. ग्रेव्ही दाट करायला काजू घातले, सोया सॉस घातला (बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं), शेंगदाण्याचं तेल वापरलं, हे लिहायलाच हवं, कोणाला त्याची ॲलर्जी असू शकते.

बदल केलात तर बदल म्हणा

क्रीम नव्हतं म्हणून दही घातलं, बाकी सेम. नाही हो सेम! जास्त फॅटचं क्रीम उकळलं तरी सहसा फाटत नाही, दही फाटतं, त्यातही कमी फॅटचं तर हमखास. दही घालताना गॅस बारीक केला का, आधी फेटून त्यात थोडा गरम रस्सा मिसळला का, चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावलं का, हे सगळं त्या एका शब्दात गडप होतं. तसंच मूळ कृती दुसऱ्या कोणाची असेल तर तसं सांगा, त्यांचं नावही होतं आणि वाचणाऱ्याला मूळ बघून ताळा करता येतो.

फोटोबद्दल थोडक्यात. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच तपकिरी दिसतं, फ्लॅश मारला तर तेलकट आणि सपाट. प्रकाश बाजूने येऊ द्या, लेन्सवरची वाफ पुसा, संपलं. फिल्टर लावून लाल केलेला रस्सा टाकू नका, समोरचा तो रंग गाठायला तिखट ओतत बसतो.

समोरच्याचं बिघडलं तर

"मी सांगितलं तसंच केलं नसणार" हे पहिलं वाक्य असू नये, जरी ते खरं असलं तरी. विचारायचं असं, की भांडं किती मोठं, झाकण होतं का, गॅस किती, चिकन फ्रीजरमधून काढून पूर्ण सुटलं होतं का की अर्धवट गोठलेलंच टाकलं. पातळ झालं असेल तर झाकण काढून पसरट भांड्यात आटवायला सांगा, चिकनचे तुकडे आधी बाहेर काढून, नाहीतर ते चामडं होतील. कडू लागतंय तर बहुतेक लसूण करपलाय, त्यावर इलाज नाही, साखर टाकून तो जात नाही, तेल बदलून परत सुरू करणं स्वस्तात पडतं. तळाला लागलंय तर ढवळू नका, वरचं वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, खरवडायचा मोह टाळा.

आणि फोटो मागायचाच तर झालेल्या पदार्थाचा मागू नका, त्यात काही कळत नाही. पाणी घालायच्या आधीच्या कढईचा मागा. कांदा कुठवर आलाय, तेल सुटलंय का, भांडं किती गच्च भरलंय, सगळं तिथे दिसतं.