रापणीवर कुणी कोसळलं तर: ओली छाती, एईडीचे पॅड आणि हृदयाचा स्नायू

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढता ओढता एखादा माणूस पुळणीवर आडवा झाला, हाकेला ओ देत नाही, खांदे हलवले तरी जाग नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर हृदयक्रिया थांबली आहे असं धरूनच कामाला लागा. अधूनमधून घोरल्यासारखा, आचका देत घेतलेला श्वास हा श्वास नव्हे. ‘अजून धुगधुगी आहे’ म्हणत लोक थांबतात, आणि हातातली मिनिटं तिथेच जातात. एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने एईडी, म्हणजे छातीवर चिकटवायच्या दोन पॅडमधून हृदयाला विजेचा झटका (शॉक) देणारं यंत्र, आणायला पळायचं, तिसऱ्याने छाती दाबायला बसायचं.

एईडी बंद पडलेलं हृदय चालू करतं, असा समज आहे. प्रत्यक्षात ते हृदयातला गोंधळ थांबवतं. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या खालच्या दोन मोठ्या कप्प्यांचा स्नायू नुसता थरथरत असतो, रक्त पुढे ढकलत नाही. या स्नायूच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीला विजेचा इशारा मिळाला की ती तो शेजारणीला देते, आणि मग सुमारे पाव सेकंद नवा इशारा घेत नाही. एरवी यामुळेच लाट एकदा सगळीकडून जाते आणि विझते. रक्त कमी पोचलेल्या स्नायूत मात्र काही भाग लवकर सावरतो, काही उशिरा. लाट त्या फटीतून मागे वळते, गोल फिरू लागते, तिचे तुकडे होतात. शॉकने बहुतेक स्नायूला एकाच क्षणी इशारा मिळतो, फिरत्या लाटांना पुढे सरकायला जागा उरत नाही. मग हृदयाची स्वतःची ताल देणारी गाठ पुन्हा ताबा घेऊ शकते.

सगळी मेख ‘बहुतेक स्नायू’ या दोन शब्दांत आहे. मोठा तुकडा विजेबाहेर राहिला, तर तिथली लाट सगळं पुन्हा पेटवते. शॉक दुबळा असेल तर तो स्वतःच नव्या लाटा सुरू करू शकतो. त्यात छातीला दिलेल्या विजेपैकी जेमतेम ४-५ टक्के हृदयातून जाते. बाकीची बरगड्या, छातीचे स्नायू आणि फुप्फुसं यांच्यातून निघून जाते. म्हणून कातडीवर वीज वाया घालवणं परवडत नाही.

आपल्याकडे ती वाया जाते ती घाम, खारं पाणी आणि खोबरेल तेल यांच्यामुळे. खाऱ्या पाण्याचा पातळ थर दोन पॅडच्या मध्ये राहिला तर वीज छातीत न शिरता त्या थरावरूनच पळते. माणसाला लाटांच्या रेषेपासून वर ओढा, कोरड्या पंचाने छाती आणि काखेखालची बाजू खसखसून पुसा. तेल चोपडलेल्या अंगावर पॅड चिकटत नाही, म्हणून तेलही कोरड्या कापडानेच टिपा. स्पिरिट वापरू नका, ते पेट घेऊ शकतं. वाळूचे कण राहिले तर पॅडखाली हवा अडकते आणि कातडी भाजते. दाट केसांवरून झटकन वस्तरा फिरवा. मंगळसूत्र, साखळी, ताईत काढत बसू नका, बाजूला सारा. बाई असली तरी छाती उघडी करावीच लागते. संकोचाने कपड्यावर लावलेला पॅड निरुपयोगी.

एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली. दुसरा डाव्या काखेच्या सरळ रेषेत, काखेखाली सुमारे चार बोटं. हा दुसरा हमखास चुकतो: लोक तो पुढे, छातीवर आणून लावतात. मग वीज समोरच्या समोर जाते आणि हृदयाचा मागचा-डावा भाग सुटतो. पॅड मधून कडेकडे दाबत चिकटवा. त्वचेखाली पेसमेकरचा (हृदयाला ताल देणाऱ्या बसवलेल्या यंत्राचा) उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर नको, जरा बाजूला.

पॅड लावेपर्यंत, आणि लावतानाही, छाती दाबणं चालूच ठेवा. थरथरणारा स्नायूही प्राणवायू जाळतो. रक्त पोचलं नाही तर त्याची शिल्लक संपते, थरथर बारीक होत जाते आणि मग शॉकनंतर आलेखावर सरळ रेषाच उरते, म्हणजे हृदय पूर्ण गप्प. सीपीआरविना, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन रक्त फिरतं ठेवल्याविना, दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबा आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. भुसभुशीत वाळूत माणूसच खाली रुततो, म्हणून घट्ट वाळूवर घ्या. हृदयाच्या धमन्यांतला दाब बऱ्याच दाबांनंतर तयार होतो आणि थांबताच कोसळतो. थांबणं १० सेकंदांच्या आत हवं. दर २ मिनिटांनी माणूस बदला, उकाड्यात हात लवकर गळतात.

यंत्र हृदयाचा ताल तपासत असताना कुणी माणसाला हात लावायचा नाही. होडीवर असाल तर इंजिन बंद करा, हादऱ्यांनी यंत्राचा निर्णय चुकतो. ‘सगळे दूर’ असं ओरडून, डोळ्यांनी खात्री करून बटण दाबा. शॉक बसताच नाडी शोधत बसू नका. लगेच २ मिनिटं दाबा. ताल परतला तरी दमलेला स्नायू सुरुवातीला रक्त ढकलेलच असं नाही.

बुडालेल्याचं गणित वेगळं. तिथे आधी प्राणवायू संपतो, मग हृदय, आणि बहुतेकदा शॉक देण्याजोगी थरथर नसतेच. बाहेर काढल्यावर पहिले तोंडाने श्वास द्या, मग ३० दाब आणि २ श्वास. एईडी लावाच, पण त्याची वाट पाहत श्वास थांबवू नका. पोट दाबून पाणी काढत बसू नका.

यंत्र जेटीवरच्या सावलीतल्या खोलीत ठेवा, इंजिनाजवळच्या केबिनमध्ये किंवा मे महिन्यात बंद गाडीत नको. उष्णतेने पॅडवरची जेल वाळते, आणि वाळलेली जेल वीज अडवते. पॅडचं पाकीट आधी फोडून ठेवू नका. हिरवा दिवा रोज पाहा, पॅड आणि बॅटरीची तारीख महिन्यातून एकदा. पिशवीत दोन कोरडे पंचे, कात्री, वस्तरा आणि पॅडचा जादा जोड ठेवा. पंचा दुसऱ्या कामाला कुणी नेला तर त्याच दिवशी नवा ठेवा.