एचआयव्हीचे कारण पुढे करून उपचार नाकारल्यास काय करावे

शस्त्रक्रियेची तारीख ठरते, रक्ताचा अहवाल येतो आणि मग एकाएकी ‘आमच्याकडे सोय नाही, मेडिकलला (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) घेऊन जा’ असे सांगितले जाते. खरे कारण कोणी उच्चारत नाही, म्हणून तो नकार कागदावर आणणे हे पहिले काम होय. मात्र रुग्ण अत्यवस्थ असल्यास वाद घालण्यात वेळ न दवडता आधी मेडिकल किंवा मेयो (नागपूरचे दुसरे शासकीय रुग्णालय) गाठावे. तक्रार नंतरही करता येते.

एचआयव्ही व एड्सविषयीचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 नुसार एचआयव्हीमुळे उपचार नाकारणे किंवा मध्येच थांबवणे निषिद्ध असून, हे बंधन खासगी रुग्णालयांवरही आहे. संसर्गाच्या भीतीची सबबही टिकत नाही, कारण कर्मचाऱ्यांना खबरदारीची साधने व प्रशिक्षण देणे हे याच कायद्याने रुग्णालयाचे कर्तव्य ठरवले आहे.

दुसरीकडे पाठवत असतील तर तारीख, वेळ, कारण आणि डॉक्टरांची सही असलेली रेफरची चिठ्ठी मागावी. ती न मिळाल्यास कोण काय म्हणाले ते त्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवावे. आमच्या परिचयातील एका रुग्णाच्या केस पेपरवर कोपऱ्यात लाल शाईने ठळक शेरा मारलेला होता, आणि तोच कागद हातात धरून त्याच्या पत्नीला एक्स-रेपासून बिलापर्यंत प्रत्येक खिडकीपुढे उभे राहावे लागले. असा कागद फाडून टाकावासा वाटणे स्वाभाविक आहे, परंतु गोपनीयता मोडल्याचा तोच पुरावा असल्याने तो जपावा. उपचारांच्या नोंदींची प्रत लेखी मागावी व अर्जाची पोच घ्यावी. मागणीपासून 72 तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

वीस किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमलेला असावा लागतो. तेथे दाद न मिळाल्यास राज्याच्या ओम्बड्समनकडे (या कायद्याखालील तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) लेखी तक्रार करावी. त्याची माहिती जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडे किंवा 1097 या निःशुल्क क्रमांकावर विचारावी. ओम्बड्समनने आदेश 30 दिवसांत आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो 24 तासांत द्यावा, असे कायदा सांगतो. म्हणून प्रसंग तातडीचा असल्यास ते तक्रारीच्या पहिल्याच ओळीत लिहावे. आदेश न पाळणाऱ्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेच, तर रुग्णाची ओळख गुप्त ठेवून टोपणनावाने कामकाज चालवण्याची मागणी करता येते. ही मागणी वकिलांना याचिका दाखल होण्याआधीच सांगावी, कारण कागदोपत्री एकदा आलेले नाव नंतर झाकणे कठीण जाते.