डीपी म्हणजे नेमका कुठला डीपी, हे ओळखायचं कसं

डीपी म्हटलं की आपल्या डोक्यात आधी व्हॉट्सॲपचा फोटो येतो, पण गावाकडून काकांचा मेसेज आला की "डीपी जळाली, पाणी बंद" तर तिथे फोटोचा काय संबंध. फुल फॉर्मची यादी पाठ करायच्या भानगडीत पडू नका, ती संपत नाही. त्यापेक्षा शेजारचं क्रियापद बघा आणि ती डीपी आहे का तो डीपी आहे ते बघा, निम्मं काम तिथेच होतं.

"जळाली, उडाली, बसवली" असं आलं की ती बहुतेक महावितरणची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. ११ केव्हीची लाईन (काही भागात २२ ची) तिथे येते आणि चारशेच्या आसपास व्होल्ट होऊन मोटारींना जाते. असा फोन आला तर पहिलं विचारायचं, आख्खी डीपी जळालीय का नुसता डिओ (लाईनकडचा ड्रॉप-आउट फ्यूज) उडालाय, कारण डिओ किंवा फ्यूजचं काम लवकर होतं आणि ट्रान्सफॉर्मर बदलायचा म्हणजे वाट बघणं आलं. तक्रार १९१२ वर करता येते, १२ आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा, आणि लेखी अर्ज देत असाल तर त्यात डीपी न लिहिता रोहित्र लिहा, कागदावर तिचं नाव तेच आहे. आणि हो, काडी घेऊन स्वतः फ्यूज टाकायला कुणी जाऊ नका, वायरमन उशिरा येतो म्हणून जीव घालवायचा नसतो.

"मंजूर झाला", "आरक्षण पडलं", "जागा डीपीत गेली" ही भाषा आली की तो विकास आराखडा. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली शहराचा साधारण २० वर्षांचा आराखडा करतात, मुंबईचा सध्याचा २०३४ पर्यंतचा आहे. इथे जरा थांबा कारण इथे पैसा अडकतो. प्लॉटच्या जाहिरातीत "डीपी रोड टच" लिहिलेलं असतं, ते वाचून लोक डांबरी रस्ता डोळ्यासमोर आणतात, पण डीपी रोड म्हणजे नकाशावर दाखवलेला रस्ता, जमिनीवर तो असेलच असं नाही, कित्येक वर्षं नुसती रेघच असते. म्हणून टोकन द्यायच्या आधी नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, आणि तो रस्ता आपल्याच प्लॉटमधून तर जात नाही ना तेही बघा (जातो कधीकधी!). पुण्यात तर एकच डीपी रोड नाही, औंधला आहे, कोथरूडला आहे, म्हात्रे पुलाजवळ नदीकाठी लग्नाच्या लॉन्सवाला आहे, त्यामुळे पत्रिकेत नुसतं "डीपी रोड" असेल तर रिक्षात बसायच्या आधी कुठला ते विचारून घ्या.

"डीपी चार्ज कापला" म्हणजे शेअर. इथला डीपी म्हणजे डिपॉझिटरी पार्टिसिपंट, तुमचं डिमॅट खातं ज्याच्याकडे आहे तो. आपले शेअर खरे असतात एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींकडे, हा मधला माणूस. चार्ज डिमॅटमधून शेअर विकताना लागतो आणि साधारणपणे एका दिवसात एका कंपनीसाठी एकदाच, मग १ शेअर विका नाहीतर ५००, म्हणून एकच कंपनी रोज थोडी थोडी विकणं महागात पडतं. खातं कुठे आहे ते नंबरवरून कळतं, सुरुवातीला आयएन असेल तर एनएसडीएल, सगळे १६ आकडेच असतील तर सीडीएसएल.

सीए किंवा बँकवाला म्हणाला "यावेळी डीपी बसत नाही" तर तो ड्रॉइंग पॉवर. सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट २० लाखाची असली तरी स्टॉक आणि येणं यातून देणं आणि मार्जिन वजा करून जेवढं बसतं तेवढंच उचलता येतं. स्टॉक स्टेटमेंट वेळेवर द्या, दुसरा उपाय नाही. बिल्डरच्या ऑफिसात मात्र "डीपी किती करताय" म्हणजे डाऊन पेमेंट.

बाकीचे पटकन सांगतो, हे कुठल्या जागी ऐकलं त्यावरूनच कळतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात "३२ चा डीपी द्या" म्हणजे ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. मॉनिटरच्या मागे डीपी म्हणजे डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआयसारखाच दिसतो पण एक कोपरा कापलेला असतो, नाही बसला तर जोर लावू नका. कोडिंगवाली पोरं "डीपीचा प्रश्न आला" म्हणून रडतात तो डायनॅमिक प्रोग्रामिंग. डॉक्टरांच्या कागदावर पायाच्या तपासणीत डीपी दिसलं तर ती पावलावरची नाडी, डायबेटिसवाल्यांची बघतात.

जागेवरून अंदाज बांधायची युक्ती फसते ती कारखान्यात. वेल्डिंगवाला डीपी म्हणतो तेव्हा लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून भेगा शोधायची टेस्ट, आणि इन्स्ट्रुमेंटवाला म्हणतो तेव्हा दोन ठिकाणच्या प्रेशरमधला फरक (तो मोजणारं यंत्र म्हणजे डीपी ट्रान्समीटर). तिथे नवीन असाल तर सरळ विचारा, "टेस्ट का ट्रान्समीटर?" आणि मगच पीओ टाका (आता पीओ म्हणजे बँकेतला का परचेसवाला ते तुमचं तुम्ही बघा).