कड्यावरच्या गिधाडांचा अभ्यास करायचाय? आधी कड्याखाली बसायला शिका

दिवाळी झाली की प्राणिशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याचा फोन येतोच. "ताई, एमएस्सीचा प्रोजेक्ट गिधाडांच्या घरट्यांवर करायचाय. दोर लावून घरट्यापर्यंत जाता येईल ना?" नाही. दोर नाही, ड्रोन नाही, वरून डोकावणंही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कड्यांखाली काही हंगाम काढल्यावर जे उमगलं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

आधी पक्षी पक्का करा. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करतं ते लांब चोचीचं गिधाड, शास्त्रीय नाव जिप्स इंडिकस. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडांवर घरटं बांधतं, त्याच्यासाठी रायगडात म्हसळ्याकडे जावं लागेल. जुने संदर्भ वाचताना एक भानगड लक्षात ठेवा. हिमालयाच्या पायथ्याचं आणि आसामकडचं बारीक चोचीचं गिधाड 2001 च्या सुमारापर्यंत याच जातीत धरलं जायचं. ते झाडावर घरटं करतं. म्हणजे जुन्या नोंदीत 'लांब चोचीचं गिधाड, झाडावर घरटं' असं दिसलं, तर आधी ठिकाण बघा.

हंगाम साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतो. जोड्या बहुतेक वेळा जुन्याच कपारीवर परततात, काटक्यांची डागडुजी करतात, आत हिरवा पाला अंथरतात. अंडं एकच. उबवणं साधारण पन्नास दिवस, नर-मादी पाळीपाळीने. त्यानंतर पिल्लू तीन महिन्यांहून अधिक काळ घरट्यातच असतं, आईबाप पोटातलं अन्न उलटून त्याला भरवतात. त्यामुळे कड्याच्या किमान तीन फेऱ्या हव्यातच: डिसेंबरात कोण बसलंय ते पाहायला, फेब्रुवारीत पिल्लं मोजायला आणि एप्रिलच्या आसपास उडायला आलेली किती राहिली ते बघायला. एकाच फेरीवर प्रबंध उभा केलेले लोक मला माहीत आहेत. त्यांच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

आता कामाचा खरा भाग. पहिल्यांदा कडा पाहिला की जागोजागी विष्ठेचे, चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसतात आणि नवखा माणूस प्रत्येक ओघळाला एक घरटं धरतो. त्यातल्या कित्येक जागा नुसत्या रात्री बसायच्या असतात. ओघळ जागा दाखवतो, घरटं सिद्ध करत नाही. घरटं म्हणायला काटक्या दिसल्या पाहिजेत, आणि वापरात आहे म्हणायला पक्षी अंगाखाली काहीतरी धरून बसलेला दिसला पाहिजे. उबवणारा पक्षी इतका खाली दबून असतो की कित्येकदा फक्त पाठीचा तुकडा दिसतो. तासभर तोच तुकडा पाहत राहायचं. तो उठतो, अंडं चोचीने फिरवतो, परत बसतो, किंवा जोडीदार येऊन जागा घेतो. तेवढा क्षण मिळाला की नोंद पक्की.

यासाठी पहिल्याच दिवशी कड्याचे भाग पाडून फोटो काढा, मोठे प्रिंट घ्या आणि प्रत्येक कपारीला क्रमांक द्या. उभं राहायची जागा ठरवून तिथे खूण करा आणि प्रत्येक वेळी तिथूनच पाहा. दोन पावलं सरकलात तरी बाहेर आलेला खडक वेगळी कपार झाकतो आणि सातव्या क्रमांकाचं घरटं गायब झाल्यासारखं वाटतं. वहीत 'नाही' आणि 'दिसलं नाही' असे दोन वेगळे रकाने ठेवा. हा फरक पाळला नाही तर शेवटी यशाचं प्रमाण, म्हणजे वापरातल्या घरट्यांपैकी किती घरट्यांतून पिल्लू उडालं, ते काढताच येत नाही.

साधारण वीस ते साठ पट मोठं दाखवणारा स्पॉटिंग स्कोप आणि न हलणारा ट्रायपॉड हवा. महागडा कॅमेरा नसला तरी चालतं. उजाडायच्या आत जागेवर बसलेलं बरं, कारण ऊन तापून गरम हवेचे झोत वर चढू लागले की मोकळे पक्षी त्यावर स्वार होऊन निघून जातात. दहा-अकरानंतर तापलेल्या हवेने कडाही लेन्समध्ये थरथरू लागतो. पश्चिमेकडे तोंड असलेला कडा सकाळी सावलीत असतो. तिथे उजेडाचा हिशेब वेगळा, पण पक्ष्यांचा तोच.

एप्रिलमध्ये पिल्लू आणि प्रौढ यांत गल्लत होते. प्रौढाची चोच पिवळट, डोकं-मान काळपट आणि जवळजवळ उघडी. उडायला आलेल्या पिल्लाच्या डोक्या-मानेवर पांढुरकी लव असते आणि चोच गडद असते.

गिधाडाकडून काही धोका नाही, आग्या मोहोळाकडून आहे. तेच कडे, त्याच कपारी. अत्तर, उग्र वासाचं तेल, सिगारेट सगळं गावातच ठेवून या. दुसरा त्रास शनिवार-रविवारच्या रॅपलिंगचा. ऐन उबवणीच्या काळात कड्यावरून माणसं दोराने उतरू लागली की बसलेला पक्षी उडतो आणि अंडं उघडं पडतं. त्या मंडळींशी भांडू नका, हंगाम समजावून सांगा. बरेच जण ऐकतात. आणि घरट्याचा फोटो ठिकाणासकट टाकायचा मोह आवरा.

परवानगीशिवाय सुरुवात करू नका. ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नाशिकजवळचं अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, म्हणजे तिथे आधी वनविभागाकडे अर्ज. अभयारण्यात काम असेल तर प्रस्ताव मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंत जातो आणि त्याला वेळ लागतो.

इतकी मोजदाद कशासाठी, हेही समजून घ्या, कारण मुलाखतीत विचारतात. पाकिस्तानातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवरच्या कामातून 2004 मध्ये उघड झालं की गिधाडं मरण्यामागे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध आहे. हे औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की मूत्रपिंड निकामी होतं, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो. 1992 ते 2007 या काळात भारतातली लांब आणि बारीक चोचीची गिधाडं मिळून जवळपास 97 टक्क्यांनी घटली. शंभरातल्या एकाहूनही कमी मेलेल्या जनावरांत औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते. कारण गिधाड साधारण पाचव्या वर्षी जोडी जमवतं आणि वर्षाला फार तर एक पिल्लू वाढवतं. 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शन 3 मिलिलिटरच्या एकेरी मात्रेपुरतं आणलं. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली. त्याच कामाचं मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे.

म्हणून माझं मत असं की निम्मा अभ्यास गोठ्यात आणि औषधाच्या दुकानात असतो. गावात मेलेली जनावरं कुठे टाकतात, दुखण्यावर कुठली सुई देतात, हे गुराख्यांना आणि बायकांना विचारा. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात गावकरी आणि वनविभागाने गिधाडांसाठी खाद्याची जागा चालवली, ती आवर्जून पाहून या. पशुवैद्यकीय पदवी असेल तर तुम्ही आमच्यापेक्षा दोन पावलं पुढे आहात. मेलेल्या जनावरांच्या यकृताचे नमुने तपासणं, औषधांची सुरक्षितता पाहणं ही कामं कड्याखाली बसण्याइतकीच मोलाची आहेत.

पोटापाण्याचं? 'गिधाडतज्ज्ञ' अशी कायम नोकरी जवळजवळ नाही. मुंबईची बीएनएचएस ही निसर्ग-अभ्यासाची संस्था, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, तिचंच कोइम्बतूरचं पक्षी-अभ्यास केंद्र सॅकॉन अशा ठिकाणी प्रकल्पापुरती पदं निघतात. एका प्रकल्पात माझं मानधन महिनोन्महिने लांबलं होतं, तेव्हा घरून थोडा आधार असल्याशिवाय उडी मारू नका. 'आर' ही आकडेमोडीची संगणकभाषा आणि जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशाकाम, शिकून ठेवा. पक्षी ओळखणारे पुष्कळ मिळतात, आकडे नीट मांडणारे कमी.

सरावाला ओरछाला जा. बेतवेकाठच्या छत्र्यांवरच ही गिधाडं घरटी करतात, त्यामुळे बसलेला पक्षी कसा दिसतो ते जवळून कळतं. दक्षिणेकडे असाल तर कर्नाटकात रामनगरजवळचं रामदेवरबेट्ट, 2012 पासूनचं गिधाड अभयारण्य, पण पक्षी तिथे मोजकेच. आणि येत्या हंगामात कडा धरायचा असेल तर अर्ज ऑगस्टमध्येच टाका. दिवाळीनंतर फोन केलात तर पहिली फेरी हातची गेलेली असते.