पश्चिमेच्या भिंतीला आतून जिप्सम बोर्ड लावताना

नागपुरात पश्चिमेची खोली ज्याच्या वाट्याला आली, त्याला उन्हाळा समजावून सांगावा लागत नाही. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा दरवर्षी जात नाही, पण ४४-४५ ची सवय आपल्या सगळ्यांना आहे. दुपारभर तापलेली विटांची भिंत रात्रभर आत उष्णता सोडत राहते. त्या भिंतीला आतून लोखंडी सांगाडा, मध्ये रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकरीसारखी गादी) आणि वरून जिप्सम बोर्ड (दोन कागदांमध्ये जिप्सम भरलेला पाट) असं अस्तर लावलं की खोलीत फरक जाणवतो. मी इंटिरिअरची कामं घेते, त्यात ही अस्तरांची कामं बरीच असतात, आणि माझा आग्रह एकच असतो: बोर्डाला हात लावण्याआधी भिंतीतलं पाणी शोधा.

लोक नेमके उलटे येतात. "पोपडेच तं झाकायचे आहेत ताई, काहून भिंत उघडून बसता?" असं मला अनेकदा ऐकावं लागतं. ओल झाकली तर ती वाळत नाही, बोर्डाच्या मागे मुक्कामाला राहते. बोर्डाचा कागद बुरशीला आवडतो, आणि फुगलेला बोर्ड नंतर वाळला तरी पहिल्यासारखा कडक होत नाही. म्हणून ओल असलेल्या भिंतीवर मी काम घेत नाही, मग माणूस कितीही ओळखीचा असो.

तपासणी घरच्या घरी होते. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. जमिनीपासून फूटभर उंचीवर एक, खिडकीखाली एक, छताजवळ एक. एक दिवस-रात्र ठेवा. काढताना प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं किंवा तेवढाच भाग गडद झाला, तर ओल आतून येते आहे. मग ती कुठून येते ते बघा. गच्चीच्या कठड्याची भेग, सज्जाच्या वरची फट, पलीकडच्या बाथरूमचा पाइप, बाहेरच्या प्लास्टरच्या केसासारख्या भेगा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जोत्यापासून तिरप्या वर जाणाऱ्या भेगा बऱ्याच घरांत असतात. अशा भेगेच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहून ठेवा. पुढच्या मोसमात भेग रेघेच्या पुढे गेली तर ती अजून चालू आहे, आणि तिच्यावर अस्तर चढवण्याआधी इंजिनिअरला दाखवायला हवी.

कामाचा काळ शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दोन बोर्डांच्या सांध्यात भरायचा मसाला वाळता वाळत नाही, आणि मे महिन्यात तो इतक्या घाईने वाळतो की त्याला केसासारख्या भेगा पडतात.

सामान लकडगंजच्या बाजारात मिळतं. भिंतीसाठी साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड घ्या, मिस्त्रींच्या भाषेत चार सूत. छताचा म्हणून पातळ बोर्ड कोणी स्वस्तात दिला तर घेऊ नका, भिंतीला माणसं टेकतात, खुर्च्या लागतात. कडा उतरत्या असलेलाच मागा, त्या उतारातच सांध्याची पट्टी बसते. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला हिरव्या कागदाचा, ओल सोसणारा. तो दमटपणा सोसतो, धारेखालचं पाणी नाही, हे लक्षात असू द्या. सहा बाय चारचा बोर्ड जिन्यातून चढवायला सोपा. दोघांनी उभ्या कडेवर धरून न्यायचा आणि खोलीत सपाट, खाली लाकडी पट्ट्या टाकून ठेवायचा. भिंतीला तिरपा टेकवून ठेवलेला बोर्ड पोट काढतो.

सांगाडा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचाच करा. लाकडी पट्ट्या स्वस्त वाटतात, पण भिंतीमागच्या अंधारात वाळवीला त्याच हव्या असतात. खाली फरशीला आणि वर स्लॅबला चॅनल, मध्ये उभे सेक्शन (पत्र्याच्या उभ्या पट्ट्या), आणि प्रत्येक सेक्शन भिंतीला ब्रॅकेटने धरलेला. दोन सेक्शनांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर दोन फूट. बोर्ड चार फुटी असल्यामुळे त्याच्या दोन्ही कडा आणि मधली रेघ बरोबर सेक्शनवर येते. ओळंबा आणि सूत इथे धरायचं, बोर्ड लावल्यावर नाही. महाल, इतवारी अशा जुन्या वस्त्यांतल्या घरांच्या भिंती वरून खाली दोन-दोन इंच बाहेर असतात. तो फरक ब्रॅकेटवर काढायचा, बोर्ड वाकवून नाही. पन्नास मिलिमीटरचं रॉकवूल धरून खोलीचे अडीच-तीन इंच जातात, ते घरमालकाला आधी सांगा. रॉकवूल भरताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, आणि ते कोंबायचं नाही. दाबलं की त्यातली हवा जाते, आणि उष्णता ती हवाच अडवत असते.

बोर्ड बंद करण्याआधीचा एक तास फार मोलाचा. टीव्ही कुठे, कपाटाचा वरचा खण कुठे, देवघराची फळी कुठे, हे घरातल्यांकडून वदवून घ्या आणि त्या जागी सेक्शनांच्या मध्ये अठरा मिलिमीटरचं प्लाय बसवा. नुसत्या बोर्डात ठोकलेला खिळा कॅलेंडर पेलतो, टीव्ही नाही. वायरिंग पाइपातून गेलंय ना ते बघा. मग मेजपट्टी भिंतीला धरून सगळ्या सांगाड्याचे फोटो काढा आणि घरमालकाला पाठवून द्या. पुढे कोणी ड्रिल घेऊन आलं की तेच फोटो कामाला येतात.

कापणं सोपं आहे. पांढऱ्या बाजूचा कागद चाकूने पट्टी धरून चिरा, मागे मोडा, मागचा कागद कापा. पांढरी बाजू खोलीकडे. फरशीपासून दहा मिलिमीटर वर बोर्ड ठेवा, नाहीतर रोजच्या पोछ्याचं पाणी तो पिऊन घेतो. ती फट नंतर स्कर्टिंगमागे जाते. साडेनऊ-दहा फूट उंचीच्या खोलीत सहा फुटी बोर्डावर तुकडा लागतोच. एका रांगेत तुकडा वर ठेवा, शेजारच्या रांगेत खाली, म्हणजे आडवे सांधे एका रेषेत येणार नाहीत. प्रत्येक आडव्या सांध्यामागे सेक्शनचा तुकडा हवा. दाराच्या आणि खिडकीच्या कोपऱ्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, तिथे बोर्ड एलच्या आकारात कापायचा. भेग पहिली त्याच कोपऱ्यातून निघते.

पंचवीस मिलिमीटरचे ड्रायवॉल स्क्रू, कडेला वीत-वीतभर अंतरावर, मध्ये फूटभर. कागदाच्या कडेपासून दहा मिलिमीटर आत, कापलेल्या कडेपासून थोडं जास्त. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित खाली जावं, पण कागद फाटू नये. फाटला तर तो स्क्रू धरत नाही, दोन बोटं सोडून दुसरा मारा. मिस्त्री घाईत असले की इथेच हात सुटतो, म्हणून मी प्रत्येक बोर्डावर तळहात फिरवून बघते.

आता सांधे. अस्तर दहा वर्षं टिकणार की पहिल्याच उन्हाळ्यात रेघा दाखवणार, हे इथे ठरतं. पेंटरला भरायला दिलं तर तो पांढऱ्या सिमेंटची पुट्टी भरतो, कारण त्याच्याकडे तीच असते. ती कडक होते आणि सांध्यावर तडकते. सांध्याला जिप्सम बोर्डचा जॉइंटिंग कंपाउंडच हवा आणि त्यात कागदी पट्टी. आधी उतारात कंपाउंडचा थर, त्यावर पट्टी मधोमध, मग पात्याने दाबत वरून खाली ओढा, जास्तीचा मसाला दोन्ही बाजूंनी बाहेर यायला हवा. पट्टीखाली मसाला कमी पडला तर तिथे फोड येतो. तो कापून पुन्हा भरावा लागतो, वरून थर देऊन बसत नाही. दुसरा थर चोवीस तासांनी, आठ-दहा इंच रुंद. तिसरा त्याहून पातळ, फूटभर रुंद. कापलेल्या कडांच्या आडव्या सांध्याला उतार नसतो, म्हणून तिथे थर दीड फुटापर्यंत पसरवा, नाहीतर उंचवटा दिसतो. बाहेरच्या कोपऱ्यांना कॉर्नर बीड, म्हणजे कोपऱ्याची धातूची पट्टी.

थर वाळेपर्यंत पंखा आणि कूलर बंद ठेवा. घरातले कुरकुरतील, पण ऐकू नका.

घासायला १५० नंबरचा, शेवटी २२० चा कागद, हलक्या हाताने. बोर्डाचा कागद खरवडला की रंगाखाली तो भाग लोकरीसारखा दिसतो. नीट बसलंय का हे दिवा भिंतीला चिकटवून तिरपा धरून बघा. पश्चिमेच्या खोलीत दक्षिणेला किंवा उत्तरेला खिडकी असेल तर तिच्यातून येणारा दिवसाचा उजेड भिंतीला घासून जातो आणि प्रत्येक चूक उघडी पाडतो. त्या उजेडात घरमालकाला बोलवा आणि त्याच्यासमोर पेन्सिलने खुणा करा. प्रायमर सोडू नका. कागद आणि मसाला रंग वेगवेगळा पितात, प्रायमर नसेल तर तिसऱ्या हातानंतरही सांधे ओळीने दिसतात.

कूलरची खिडकी वेगळी धरा. ताटीतून (कूलरच्या गवताच्या पडद्यातून) उडणारे थेंब आणि टाकीची गळती वर्षातले तीन-चार महिने त्याच जागी पडतात. खिडकीच्या चहूबाजूंनी दोन फूट तरी जिप्सम न लावता फायबर सिमेंट बोर्ड लावा. त्याला वेगळे स्क्रू आणि वेगळा सांधा-मसाला लागतो, दुकानदाराकडून सोबतच घ्या. कूलरचं तोंड आणि चौकट यांच्यातली फट फोमने नाही, सिलिकॉनने बंद करा, आणि कूलरचा उतार बाहेरच्या बाजूला द्या.

स्लॅबला बोर्ड जिथे भेटतो तिथे पुट्टी भरू नका. स्लॅब तापला की सरकतो, रात्री परत येतो, आणि पुट्टीला ते झेपत नाही. तिथे तीन-चार मिलिमीटरची फट ठेवून रंग देता येणारा ॲक्रिलिक सीलंट भरा. पहिल्या मे-जूननंतर त्या रेघेवरून एकदा नजर फिरवा. कुठे सुटलेलं दिसलं तर जुना सीलंट चाकूने काढून नवा भरा, वर रंगाचा एक हात मारा. तेवढ्यासाठी बोर्ड उघडायची गरज पडत नाही.