पूर्वहंगामी लागण: आधी यंत्राला आपल्या रानाचा वाफसा शिकवा

परतीचा पाऊस आवरता घेतोय, सोयाबीन निघालंय, आणि वाळव्यापासून कराडपर्यंत नांगरटीची ढेकळं उन्हात पडलीत. पूर्वहंगामी उसाची लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरमध्ये उरकायची. यंदा रोप कुठलं, बेणं कुठलं याच्या आधी एक प्रश्न हमखास येतो: "ते एआयचं यंत्र बसवायचं का?" म्हणजे मातीतली ओल मोजणारा सेन्सर आणि पाणी कधी द्यायचं ते सांगणारं मोबाइलचं ॲप. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं उसावर केलेले प्रयोग मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेत. २०२५ मध्ये राज्य सरकारनं शेतीत एआय वापरण्यासाठी महाॲग्री-एआय धोरणही मंजूर केलं. तेव्हापासून कारखान्याच्या गट ऑफिसात, चहाच्या टपरीवर तोच विषय.

माझं उत्तर असं की, बसवा, पण टनेज वाढवायला म्हणून नको. पाणी कधी द्यायचं नाही, हे कळायला बसवा.

आपल्या कृष्णाकाठी रानं मेली ती बहुतेक पाण्यावाचून नाही, पाण्यानं मेली. काळ्या जमिनीतून निचरा सावकाश. वरून सोडलेलं जादा पाणी खाली साठतं, भूजल वर सरकतं, उन्हानं पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. आधी एका कोपऱ्यात क्षारांचा पांढरा थर दिसतो, मग उगवण विरळ होते, आणि आठ-दहा वर्षांत बांधापर्यंत चोपण, म्हणजे क्षारांनी नापीक झालेलं रान. मग सच्छिद्र पाइप पुरून निचरा काढायचा खर्च येतो. तोही एकट्याच्या रानापुरता करून भागत नाही, पाणी बाहेर काढायला खालच्या सगळ्यांची संमती लागते. त्यामुळं वाचवलेलं पाणी ही बचत नंतरची, आधी जमीन वाचते.

लागणीआधीचं पहिलं काम फुकटात होतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कुणालाही मोफत बघता येतात, साधारण पाच दिवसांनी नवीन चित्र. त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा. एकराचे चाळीस ठिपके. पावसाळ्यात ढगांमुळं ही चित्रं बिनकामाची असतात, पण आता आभाळ मोकळं होतंय. कंपनीचं ॲप असो नाहीतर घरातल्या शिकल्या पोरीनं लॅपटॉपवर उघडलेला नकाशा, आत्ताचं चित्र न बघता गेल्या एप्रिल-मेचं बघा. उभ्या पिकात जे ठिपके फिकट राहिलेत ते वहीत उतरवा. नवीन लागणीत पहिले दोन महिने हिरवा रंग शोधत बसू नका. तेव्हा उपग्रहाला उघडी माती आणि तणच दिसतं, आणि ॲप मात्र "पीक वाढ कमी" म्हणून घाबरवत राहतं.

उतरवलेल्या ठिपक्यांवर चालत जा. मातीचा नमुना सगळ्या रानाचा एकत्र कालवू नका, फिकट भागाचा वेगळा आणि चांगल्याचा वेगळा घ्या. फिकट भागात वरच्या फुटाचा एक आणि खालच्या फुटाचा एक असे दोन घ्या. खत, शेणखत टाकायच्या आधी. अहवालात सामू (पीएच) साडेआठच्या वर गेला असेल किंवा विद्युतवाहकता (मातीतल्या क्षारांचं माप) १ च्या पुढं असेल, तर तिथं नेहमीचं बेणं घालून नशीब अजमावू नका. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं काढलेली फुले २६५ ही जात क्षारपड रानात त्यातल्या त्यात तग धरते. पाडेगाव आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यात आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. लांबच्या संशोधनावर आपला भारी विश्वास.

आता सेन्सर. गेल्या हिवाळ्यात वाळवा तालुक्यातल्या एका पाहुण्याच्या रानात मी उभा होतो. मोबाइलवर ओल दाखवत होती १९ टक्के आणि शेजारी लाल खूण, "पाणी द्या". पाहुणे मोटर सुरू करायला निघालेच होते. मी म्हटलं, "दाजी, थांबा, खुरपं आणा." सेन्सरपासून हातभर अंतरावर दीड फूट खणलं. माती मुठीत दाबली तर गच्च गोळा, बोटांना चिखल. मग सेन्सरभोवतीची माती उकरली. काळ्या रानाला भेग पडली होती, आणि भेग बरोबर सेन्सरला चिकटून गेलेली. यंत्र मातीची नाही, भेगेतल्या हवेची ओल मोजत होतं.

म्हणून काळ्या रानात सेन्सर बसवताना त्याच खोलीची माती घेऊन पाण्यात रबडा करायचा, भोकात ओतायचा आणि त्यात सेन्सर रोवायचा. कोरडी ढेकळं वरून ढकलून मोकळं व्हायचं नाही, बसवायला आलेल्या माणसाला कितीही घाई असली तरी. जागा सरीत, ड्रिपरपासून वीतभर बाजूला. एक सेन्सर वीतभर खोल, दुसरा दीड फुटावर. खरं काम खालचा करतो. वरचा वाळतोय आणि खालचा पाणी देऊन आठवडा झाला तरी हलत नसेल, तर तुम्ही पाणी मुळांना नाही, भूजलाला देताय.

आता यंत्राला वाफसा शिकवायचा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळतात ती अवस्था. ॲपमध्ये "चिकणमाती" निवडली की कंपनीचे ठरलेले आकडे येतात. ते कुठल्या तरी रानाचे असतील, तुमचे नव्हेत. लागणीनंतरचं आंबवणीचं पाणी चांगलं भिजवून दिल्यावर रोज सकाळी सेन्सरजवळची माती मुठीत घ्या, गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. तो चपटा होऊन पडला तर अजून ओल जास्त. पडून फुटला की वाफसा आला, काही गावांत याला घात म्हणतात. त्या सकाळचा आकडा ही तुमची वरची रेघ. गोळाच होईना, भुगा पडू लागला, तो आकडा खालची रेघ. ती काढायला पीक सुकवू नका, बांधाकडेच्या मोकळ्या पट्ट्यात बघा. दोन रेघा ॲपमध्ये भरा, नाहीतर कंपनीच्या माणसाकडून भरून घ्या. जमीन खारी असेल तर साध्या सेन्सरचा आकडा फुगून येतो, ओल नसताना ओल दाखवतो. तिथं टेन्शिओमीटर बरा. पाणी भरलेली नळी, खाली मातीचं टोक, वर काटा. काटा शून्याकडं म्हणजे ओल भरपूर, चढेल तसं मुळांना पाणी ओढायला जड. त्याला क्षार फसवत नाहीत आणि इंटरनेटही लागत नाही.

पाणी किती, याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. पाच फुटी सरी, सव्वा फुटावर ड्रिपर, ताशी २ लिटर. एकरात साधारण सात हजार ड्रिपर, म्हणजे तासाला १४,००० लिटर. एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर, तेव्हा तासाला साडेतीन मिलिमीटर. नोव्हेंबर-डिसेंबरात कोवळ्या उसाची रोजची गरज २ मिलिमीटर धरली, तर ३५-४० मिनिटांचं काम. आणि आपल्याकडं काय होतं? लाइट आठ तास, ती पण आठवड्याआड रात्रीची. ऑटो स्विच लावून माणूस झोपतो आणि लाइट आली की मोटर सुरू, गेली की बंद. एका रात्रीत चौदा दिवसांचं पाणी. त्यामुळं सेन्सरच्या आधी स्टार्टरला टायमर बसवा. परतीच्या पावसाची एखादी सर आली तर तीही मोजा. २५ मिलिमीटर म्हणजे एकरी एक लाख लिटर, तेही मोटर न लावता.

एक कबूल करायला हवं. नदीचं पाणी उचलून पाळीनं देणाऱ्या सहकारी उपसा योजनेवर ज्यांचं रान आहे, त्यांना हा सल्ला अर्धाच लागू. पाळी आली की घेतो, नाही घेतली तर पुढचे पंधरा दिवस कोरडे, आणि पाणीपट्टीचा आकार एकरावर, पाण्यावर नाही. तिथं एकट्यानं सेन्सर घेऊन मनस्ताप वाढतो. एका चेंबरवरच्या (पाणी वाटायच्या एका टाकीवरच्या) दहा-बारा जणांनी मिळून एक घ्यावा आणि सरीआड (एक सरी सोडून एक) पाणी द्यायला तरी सुरुवात करावी.

फोनला मराठीत विचारून खताचा सल्ला घेणारेही वाढलेत. त्यात एक खड्डा आहे. पूर्वहंगामी उसाची शिफारस ३४० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश, पण हेक्टरी. आमच्या शेजारच्या पोराला फोननं हेच आकडे दिले, हेक्टर हा शब्द गाळून. त्यानं ते एकरी धरले आणि युरियाची सोळा पोती सांगून ठेवली. एकराला नत्र १३६ किलो बसतं, सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तरी २९६ किलो, म्हणजे ४५ किलोची साडेसहा पोती. तीही चार वेळा विभागून: लागणीला ३० किलो, सहा ते आठ आठवड्यांनी ११८, बारा ते सोळा आठवड्यांनी ३०, मोठ्या बांधणीला (उसाच्या बुडाशी माती चढवताना) ११८. ड्रिपमधून देताना याहून लहान हप्ते, आणि माती परीक्षणाप्रमाणं कमी-जास्त. जादा नत्र साचलेल्या पाण्यात विहिरीत तरी उतरतं, नाहीतर नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, जो तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट भारी. औषधाचं प्रमाण तर फोनला विचारूच नका, बाटलीवरचं लेबल वाचा.

ज्यांचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक) राहणार आहे त्यांनी पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवू नये. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू खत, वरून पाणी. पाचटाखाली ओल टिकते, त्यामुळं तिथं वाफशाच्या रेघा तशाच राहिल्या तरी पाण्याचं अंतर वाढतं.

आणि सेन्सर बसवला त्याच दिवशी जागेवर बांबू रोवून लाल फडकं बांधा. बाळबांधणीला पॉवर टिलरवाला भाड्याचा असतो, त्याला वायर कुठून गेली काय माहीत. आमची एक वायर अशीच तुटली, आणि ॲप पुढचे नऊ दिवस तोच जुना आकडा दाखवत राहिलं. मोठ्या बांधणीच्या आदल्या दिवशी तर दोन्ही सेन्सर काढूनच ठेवा. माती चढल्यावर वीतभराचा सेन्सर फूटभर खाली जातो, तेव्हा नव्यानं रोवा आणि गोळा सोडून दोन्ही रेघा पुन्हा काढा.